अटकेल शे : जुन्या जीपचं फ्लायव्हील

शनिवार, संध्याकाळ

सहाही नट निघालेत, क्लचची प्रेशर प्लेट (क्लच दाबून धरणारी तबकडी) खाली उतरलीय, तरी फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या मागच्या टोकाचं जड चाक, तसूभर हलत नाही. अहिराणीत याला दोनच शब्द : अटकेल शे, म्हणजे अडकलंय. पण नेमकं कुठे अटकलंय ते कळेपर्यंत घणाला हात लावायचा नाही.

गाडी विलीज जीप. पेट्रोल इंजिन, चार सिलिंडर, २१९९ सीसी. मागच्या सीलमधून गळणारं तेल आणि शेतातली काळी माती यांचा बेल हाउसिंगमध्ये, म्हणजे फ्लायव्हीलभोवतीच्या कवचात, डांबरासारखा थर बसतो. तो आधी छिन्नीने खरवडून, रॉकेलने धुऊन काढायचा. थराखाली राहून गेलेला एखादा नट हे फ्लायव्हील "जाम" असण्याचं सगळ्यात स्वस्त कारण असतं, आणि तेच तपासायचं राहून जातं.

नट मोजून सहा भरले, म्हणजे आता संशय डॉवेलवर, म्हणजे फ्लायव्हील नेमक्या जागी धरणाऱ्या घट्ट खिळांवर. या इंजिनात चार साधे बोल्ट आणि दोन निमुळते डॉवेल बोल्ट असतात. सगळे क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) फ्लँजमधून, म्हणजे टोकाच्या चकतीतून, मागे येतात, नट फ्लायव्हीलच्या बाजूला. साधे बोल्ट भोकात सैल असतात, डॉवेल मात्र पाचरीसारखे घट्ट. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत फ्लँजच्या सांध्यात गंज धरतो आणि डॉवेल दोन्ही लोखंडांना एकजीव करून टाकतात. एका बाजूने पहार घालून रेटलं की फ्लायव्हील तिरकं होतं आणि समोरच्या डॉवेलवर आणखी आवळतं. जोर जितका जास्त, पकड तितकी पक्की.

आजचं काम एवढंच : ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि ॲसिटोन अर्धं-अर्धं, सहाही बोल्टांच्या मुळाशी आणि सांध्याभोवती थेंब-थेंब. वापरण्याआधी बाटली हलवायची, नाहीतर दोन्ही वेगळे होतात. नट परत चढवले, पण टोकाच्या तीन-चार आट्यांवरच. ठोकताना आटे वाचतात, आणि फ्लायव्हील अचानक सुटलं तर पायावर येत नाही.

रविवार

दुपारी इथलं लोखंड हाताला चटका देतं. उन्हाने आपोआप सुटेल असं वाटतं खरं, पण फ्लँज आणि फ्लायव्हील दोन्ही सारखंच तापतं, सारखंच फुगतं. फट कुठून पडणार? तापवायचं तर फक्त फ्लायव्हीलचा मधला भाग, भराभर, गोल फिरवत, पाण्याचा थेंब चरचरेल इतकाच. ज्योत एका जागी धरली तर बिडाला तडा जातो. आणि त्याआधी ॲसिटोन पूर्ण उडालेलं, सगळं पुसून कोरडं हवं. ते झटकन पेट घेतं.

ओढायला फ्लायव्हीलवरची प्रेशर प्लेटच्या बोल्टांचीच भोकं वापरायची, त्यांना आटे असतात. जाड पट्टीला तीन भोकं : दोन त्या भोकांत समोरासमोर जाणाऱ्या बोल्टांसाठी, मधलं आटे पाडलेलं, दाबाच्या बोल्टसाठी. क्रँकच्या टोकात गिअरबॉक्सच्या शाफ्टचं पितळी बुश असतं. मधल्या बोल्टचं टोक त्यात गेलं तर बुश बाद, म्हणून क्रँकच्या कडेवर टेकेल असा पोलादी गोल तुकडा मध्ये ठेवायचा. बोल्ट पाव फेरा आवळायचा, मग डॉवेलच्या नटावर पितळी दांड्याने सरळ एक टोला. पुन्हा पाव फेरा, दुसऱ्या डॉवेलवर टोला. सुटतं तेव्हा "टक्" असा कोरडा आवाज येतो. टोले बेताचेच, कारण ते क्रँक पुढे ढकलतात आणि तो धक्का पुढच्या मेन बेअरिंगच्या थ्रस्टवर, म्हणजे क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या भागावर, जातो. नंतर क्रँकचा पुढे-मागे खेळ मोजायचा : ०.००४ ते ०.००६ इंच.

इंजिनामागच्या पत्र्यावर पहार टेकवायची नाही, पत्रा वाकतो. रिंग गिअरच्या (फ्लायव्हीलच्या कडेच्या दातेरी कड्याच्या) दातांवर टोला तर नकोच. दात तसेही दोन समोरासमोरच्या जागी जास्त झिजलेले दिसतात. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक वेळा त्याच दोन जागी थांबतं, आणि स्टार्टर दर वेळी तेच दात चावतो.

उतरवण्याआधी फ्लँज आणि फ्लायव्हीलवर सेंटर पंचने जुळती खूण हवी. टाइमिंगच्या खुणा फ्लायव्हीलवर असतात; ते फिरवून बसलं तर इग्निशन जुळवताना डोकं पिकतं.

बसवताना फ्लँज आणि फ्लायव्हीलचे एकमेकांना टेकणारे चेहरे आरशासारखे साफ. फ्लँजवर कागदाएवढा गंज राहिला तरी कडेला फिरकं (फिरताना डुलणं) कित्येक पट दिसतं आणि क्लच थरथरतो. नट ३५ ते ४१ फूट-पौंड, समोरासमोर आवळत. क्रँक किंवा फ्लायव्हील बदललं असेल तर जुने निमुळते डॉवेल परत घालू नयेत. दोन्ही एकत्र धरून भोक रीमरने (भोक अचूक मापाला आणणाऱ्या हत्याराने) ९/१६ इंच करायचं आणि सरळ डॉवेल घट्ट बसवायचे. लेथवाल्याला हे आधीच सांगावं, नाहीतर तो मोकळ्या हाताने ड्रिल चालवतो.