मोडी बाड, सर्व्हर नोंद: ४०३ चा उलगडा झाला

अखेर नवी पानं दिसायला लागली! तीन रात्री गेल्या, पण मूळ सापडलं.

वेब सर्व्हरला पानं वाचता यावीत म्हणून फोल्डरवर डिफॉल्ट एसीएल (नव्या फाइलींना आपोआप लागणारी जादा परवानग्यांची यादी) लावल्याचं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. त्यानंतर पणजोबांच्या बाडातली ३८ पानं नव्या स्कॅनरवरून चढवली, तर ब्राउझरमध्ये सगळ्यांवर ४०३, म्हणजे 'परवानगी नाही'. जुनी पानं मात्र व्यवस्थित उघडत होती. आधी वाटेतल्या फोल्डरांवर संशय घेतला. नेमआय -एल चालवून रूटपासून एकेक पायरी तपासली, सगळीकडे एक्स (फोल्डरात शिरायची परवानगी) होता. (हे टूल हाताशी ठेवाच, सगळी वाट एका नजरेत दिसते.)

मग एलएस -एल (फाइलींच्या परवानग्या दाखवणारी कमांड) नीट वाचलं: आरडब्ल्यू (मालकाला वाचणं-लिहिणं), पुढे सात रेघा आणि टोकाला अधिकचं चिन्ह. एसीएल दाखवणाऱ्या गेटएफएसीएलमध्ये डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाला (वेब सर्व्हरचा यूजर) आर-एक्स दिलेलं, पण शेजारी इफेक्टिव्ह म्हणून तीन रेघा. परवानगी होती, मास्कने (एसीएलमधल्या परवानग्यांची कमाल मर्यादा) ती झाकली होती! अशा एसीएलवाल्या फाइलवर एलएसमधला मधला त्रिक गटाचा नसून मास्कचा असतो. नवं स्कॅनिंग सॉफ्टवेअर फाइल ६०० वर (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) ठेवतं, फाइली चढवणारं आरसिंक -ए ते ६०० जसंच्या तसं नेतं, आणि मधल्या शून्याने मास्क बंद.

सर्व्हरवाल्यांच्या सपोर्टने ७७७ (सगळ्यांना सगळं खुलं) करा म्हणून सांगितलं होतं. त्याने पानं दिसलीही असती, कारण मधला ७ मास्कच उघडतो. पण शेवटचा ७ त्या मशीनवरच्या कुठल्याही प्रोसेसला लिहायची मुभा देतो. हा सल्ला देऊच नये.

नुसतं --नो-पर्म्स (मूळ परवानग्या जशाच्या तशा लादू नको) लावून भागलं नाही. नवी फाइल बनवताना आरसिंक मूळ फाइलचेच बिट घेतं आणि त्यांना एसीएलची चाळणी लावतं. मुळात ६०० असेल तर चाळून काय येणार? सोबत --चमॉड=यूजीओ=आरडब्ल्यूएक्स दिलं (शेवटचा एक्स कॅपिटल), म्हणजे चाळणीआधी वाचायचे-लिहायचे बिट सगळ्यांना उघडे, आणि चाचणीचं पान लगेच उघडलं. घडीवरचा शाईचा डागसुद्धा स्पष्ट दिसला, फार बरं वाटलं. आधीच्या ३८ पानांचा मास्क सेटएफएसीएलने एकदाच आरडब्ल्यू केला.

पुढे वेब सर्व्हरला लिहायचा हक्कही द्यायचा बेत होता, लिप्यंतर ब्राउझरमधूनच सेव्ह व्हावं म्हणून. पण हे लिहिताना वाटतंय, मूळ स्कॅनला त्याचा हात कशाला लागावा? लिप्यंतराचा फोल्डर वेगळा करतो, लिहिणं फक्त तिथे. आज रात्री तेच.