आमची वाटचाल : बोर्डापासून रीलपर्यंत

नाशिकला शालिमारजवळच्या गाळ्यात वडील बोर्ड रंगवायचे. नाटकं, ऑर्केस्ट्रा, कापडाची दुकानं, जे येईल ते. फ्लेक्स आला, ब्रशची कामं गेली. मी धंद्यात उतरलो तेव्हापासून कालिदास कलामंदिरातल्या कार्यक्रमांची प्रसिद्धी हेच आमचं मुख्य काम. बॅनर, प्रेसनोट, रील, सगळं.

हे काम मला शिकवलं ते उतरणीला लागलेल्या गायकांनी. चलतीतल्या गायकाला बॅनरची फिकीर नसते, त्याचं गाणं रिक्षात वाजतच असतं. ज्याचं शेवटचं हिट गाणं कॅसेटवर आलं होतं, तो मात्र फोन करून विचारतो, "माझं नाव निवेदकापेक्षा मोठं आहे ना?" मॅनेजर व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो. आमच्या डिझायनरने झूम केलं की मधोमध घडीची पांढरी रेघ दिसते. कॅसेटच्या आतल्या कार्डावरूनच मोबाईलने काढलेला असतो. अलीकडचा मागितला तर उत्तर ठरलेलं: "हाच जाऊ द्या, लोक यालाच ओळखतात." खरंय म्हणा.

लोक याला मिजास म्हणतात. मला त्यात पोटापाण्याचा हिशोब दिसतो. रेकॉर्डिंगचे पैसे बहुतेकांनी तेव्हाच एकरकमी घेतलेले. गायकांच्या रॉयल्टीला कायद्याचा आधार मिळाला तो कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीत. घर चालतं ते गणपती, नवरात्र, पाडवा पहाटेच्या सुपाऱ्यांवर. मानधन ठरवणार मंडळाचा अध्यक्ष, आणि तो सुरांआधी इन्स्टाग्रामवरचे फॉलोअर्स बघतो. म्हणजे प्रसिद्धी प्रेक्षकांसाठी कमी, या अध्यक्षासाठी जास्त. (बॅनरवर सगळ्यात मोठा फोटो शेवटी त्याचाच असतो, ते सोडा.)

मग काय काय चालतं? काळारामाच्या दर्शनाचा व्हिडिओ. 'खास लोकाग्रहास्तव' अशी प्रेसनोट, आग्रह करणारे लोक कोण ते विचारायचं नाही. बातमी हवीच असेल तर "आजच्या गाण्यांत जीव नाही" एवढं बोललं की पुरतं. बाल्कनी रिकामी राहणार असं दिसलं की पास वाटायचे आणि फोटो पहिल्या रांगांचेच काढायचे. इन्स्टाग्रामवर नावापुढची निळी टिक पूर्वी नावाजलेल्यांनाच मिळायची. 2023 पासून महिन्याचे पैसे भरले की कुणालाही मिळते. जाहिरातीतून विकत घेतलेले व्ह्यूज यूट्यूबने 2019 मध्ये संगीताच्या चार्टमधून वगळले, तरी अध्यक्षांना आकडा दाखवायला ते चालतातच.

खोटे फॉलोअर्स मात्र आम्ही देत नाही. त्यापायी कामंही गेली आहेत. त्याऐवजी साउंड चेकचं शूटिंग करून द्यायला लागलो. एका ज्येष्ठ गायिकेने मेकअप नसताना, चष्मा लावून, माइक तपासता तपासता आपल्या जुन्या गाण्याचा अंतरा गुणगुणला होता. तेवढंच रील टाकलं. सिन्नर आणि येवल्याच्या मंडळांचे फोन त्यावरून आले, आणि बाईंच्या मॅनेजरने तो जुना फोटो पाठवणं बंद केलं.

आता सगळ्यांनाच तसं रील हवंय, मुद्दाम विस्कटलेल्या केसांसकट. करून देतो. फक्त अर्धा ॲडव्हान्स जमा झाल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढत नाही, नाव कितीही मोठं असो.