आमची वाटचाल : सायकल केव्हा वाजते?

वडिलांनी दुकान टाकलं ते ताशी भाड्याच्या सायकलींसाठी. पुणं तेव्हा खरोखर सायकलींचं शहर होतं. ॲटलस आणि हर्क्युलिस, दांडीचे ब्रेक, 28 इंची चाकं. भाड्याची सायकल कोणी जपून चालवत नाही, त्यामुळे दुरुस्ती आम्हाला शिकावीच लागली. कॉटर पिन (पायडलचा दांडा आसाला धरणारी खीळ) घासली की पायडल खुळखुळतं, छर्रे दाबून धरणारा ‘कोन’ नट जास्त आवळला की चाक जड होतं, मागच्या हबात (चाकाच्या मधल्या तुंब्यात) पाव इंची छर्रे आणि पुढच्यात त्याहून बारीक, हे सगळं रॉकेलच्या थाळीशेजारी बसून डोक्यात गेलं. पुढे लूना आली, मग स्कूटर. भाडं बंद पडलं, पाने-पक्कड राहिली.

गियरच्या सायकली येऊ लागल्या तेव्हा शेजारच्या काही दुकानदारांनी त्यांना हात लावायचं टाळलं. आम्ही लावला, कारण वडिलांची पद्धत तिथेही चालत होती. गिऱ्हाइकाला ते ‘कुठे वाजतं’ हे विचारत नसत, ‘केव्हा वाजतं’ हे विचारत. फ्रेमच्या पोकळ नळ्यांतून आवाज फिरतो, म्हणून कुठूनही आला तरी पायाखालूनच आल्यासारखा वाटतो. पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा टक् होत असेल तर पायडल, क्रँक (पायडलचा दांडा) किंवा बॉटम ब्रॅकेट (तो दांडा ज्यावर फिरतो तो फ्रेममधला आस) बघायचं. पाय थांबवूनही आवाज चालूच असेल तर चाक बघायचं. उभं राहून चालवल्यावर बंद झाला, तर दोष सीटच्या नळीत. बॉटम ब्रॅकेट बदलायला आलेली सायकल निव्वळ सीटची नळी पुसून, ग्रीस लावून परत गेल्याचे प्रसंग आमच्याकडे नेहमीचे. त्यात कमाई होत नाही, पण तेच गिऱ्हाईक पुढच्या वेळी भावाची सायकल घेऊन येतं.

2020 च्या लॉकडाऊननंतर माळ्यावरच्या सायकली एकदम खाली उतरल्या. (त्याच वर्षी 3 जूनला, म्हणजे ऐन जागतिक सायकल दिनी, ॲटलसच्या साहिबाबादच्या कारखान्यातलं काम थांबलं. ती बातमी वाचून वडील बराच वेळ गप्प होते.) तेव्हापासून सगळ्यात जास्त वाद होतो तो चेनवरून. चेनची एक कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे 24 कड्या बरोबर 12 इंच. पट्टी लावायची. माप 1/16 इंच पुढे सरकलं असेल तर चेन बदलायची. 1/8 पर्यंत गेलं, तर बहुधा मागची कॅसेटही (गियरच्या दातेरी चकत्यांचा संच) गेलेली असते. अशा कॅसेटवर नवी चेन चढवली की ती जोर लावताच दात सोडते आणि गिऱ्हाईक म्हणतं, ‘तुम्ही चेन खराब दिली’. म्हणून आता पट्टी त्यांच्याच हातात देतो.

गियर नीट पडत नसतील तर स्क्रू फिरवण्याआधी मागून डोळा लावून हँगर बघतो, म्हणजे चेन एका गियरवरून दुसऱ्यावर नेणारा डिरेलर फ्रेमला ज्यावर टांगलेला असतो तो तुकडा. पार्किंगमध्ये सायकल उजव्या अंगावर पडली की तो वाकतो. तो मुद्दाम मऊ केलेला असतो, फ्रेम वाचावी म्हणून. वाकलेल्या हँगरवर कितीही स्क्रू पिळले तरी एक गियर जमतो आणि दुसरा बिघडतो. सगळ्यात मोठ्या दातेरी चकतीवर चेन आरांकडे झुकत असेल तर सिंहगड तर सोडाच, घरापर्यंतही चालवत नेऊ नका. डिरेलर आरांत अडकला की चाकही जातं.

डिस्क ब्रेक किंचाळतात, त्यातले बरेचसे घरीच बिघडवलेले. चेनवर उडवलेला स्प्रे डिस्कवर जातो. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली की साफ होते, पण तेल प्यायलेले ब्रेकचे पॅड सहसा बदलावेच लागतात. आणि शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइलच लागतं. मोटरसायकलचं ब्रेक ऑइल ओतलं तर आतली रबरं फुगतात.

आता धाकटी बहीण चाकं बांधते, आणि आऊट काढण्यात, म्हणजे डगमगणारं चाक सरळ करण्यात, तिचा हात माझ्यापेक्षा बसलेला आहे. ई-सायकलची मोटर आम्ही उघडत नाही, बाकी सगळं करतो. काढलेले जुने भाग पिशवीत घालून परत देतो. पंक्चर तिथल्या तिथे, ओव्हरहॉलिंगला सायकल ठेवून जावी लागते, आणि मे संपायच्या आत आणलीत तर पावसाळ्याच्या रांगेतून सुटाल.