मळ्यातली आणि माळ्यावरची

तीन वर्षांपूर्वी एक लाल वाइन भेट मिळाली होती. लेबलावर एकाच मळ्याचं नाव. चार मळ्यांचा माल एकत्र केला की एकाचं उणं दुसरा भरून काढतो. एकाच तुकड्याच्या वाइनला ती सोय नाही, त्या जमिनीचं आणि त्या सालाचं जे असेल ते बाटलीत उतरतं. अशी वाइन मुरू द्यावी असं वाचलं होतं, म्हणून जपून माळ्यावर ठेवली. वर पत्रा, सोलापूरचे तीन उन्हाळे. दिवाळीत उघडली तर उकडलेल्या मनुकांचा वास. दाजी म्हणाले, "तू मुरवली न्हाईस रे, शिजवलीस."

म्हणून फेब्रुवारीत, वाइन मुरते कशी ते बघायला, त्यांच्याच गाडीतून अकलूजकडच्या मोटेवाडीला 'फ्रातेली' वाइनरीच्या मळ्यावर निघालो. मोहोळ, पंढरपूर, वेळापूर, अकलूज. पहाटे एवढं गार होतं की पंढरपूरपर्यंत स्वेटर निघाला नाही; अकराला मात्र घाम. पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत गेलो, त्याबद्दल न लिहिलेलंच बरं.

आपल्याला द्राक्ष म्हणजे सोलापूरजवळचं नान्नज. तिथल्या नानासाहेब काळे यांचं सोनाका वाण: लांबुळकं, बिनबियांचं, साल जिभेला कळतही नाही. इथे 'फ्रातेली'च्या मळ्यातला सांजोवेजे या इटालियन वाइन-द्राक्षाचा घड पाहून मी म्हणालो, "एवढंसंच?" फ्रातेली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. इटलीचे सेच्ची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील, अशा भावांच्या तीन जोड्यांचा हा उद्योग, 2007 पासूनचा.

तोडणीवाल्या मावशींनी एक मणी हातावर ठेवला. "गोडी बघू नका. बी चावा."

चावली. कुर्रकन फुटली, भाजल्या शेंगदाण्यासारखी. आत तपकिरी. मग शेजारच्या वेलीवरचा कच्चा मणी दिला: बी हिरवी, चिवट, आणि अख्खी जीभ कच्चं केळं खाल्ल्यासारखी जड. हाच तुरटपणा, टॅनिन. बी आणि साल नीट पिकली तर तो वाइनला वर्षानुवर्षं धरून ठेवतो. कण हळूहळू एकमेकांना चिकटून तळाशी गाळ बसतो, तशी वाइन मऊ होत जाते. दुसरा आधार आंबटपणाचा. रात्री उष्ण असल्या की तो मण्यातच जळून जातो. म्हणून तर आपल्याकडे एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी आणि पीक थंडीत आणायचं. सकाळचा माझा स्वेटर इथे कामाला आला.

त्यांची 'सेत्ते' ही लाल वाइन चाखली, दोन द्राक्षांची मिळून केलेली. सांजोवेजेचा आंबटपणा, काबर्ने सोव्हिन्यों या दुसऱ्या द्राक्षाच्या जाड सालीचा तुरटपणा. आधी जांभूळ, मग जुन्या लाकडी कपाटाचा वास. पेला तिरका केला तर कडेला किंचित विटकरी झाक, म्हणजे वय दिसायला लागलंय. तरी घोट गिळल्यावर हिरड्या आवळतातच. माझ्या मते आणखी पाच वर्षं निघतील. दाजींना मात्र ती "औषधी" वाटली. त्यांनी परतताना उसाचा रस घेतला, बिनबर्फाचा.

एक बाटली आणलीय. आडवी ठेवायची, बूच ओलं राहावं म्हणून, आणि तेरा-चौदा अंशात. तेवढं गार घरात काही नाही. सध्या ती फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात, मेथीच्या जुडीखाली आहे. बायकोने मुदत दिलीय गुढीपाडव्यापर्यंतची.