गॅरेजमधला उजेड: बाकापुरतं काम मार्गी लागलं

छतावरचा एकुलता बल्ब अखेर निघाला. तो खोलीच्या मधोमध होता. कामाच्या बाकाकडे तोंड करून उभं राहिलं की उजेड पाठीमागून यायचा आणि आपलीच सावली नेमकी आखलेल्या रेघेवर पडायची. तिथे जास्त वॅटचा बल्ब लावला असता तरी सावली काही हलली नसती. म्हणून आधी दिव्यांची जागा ठरवली, वॅटचा विचार नंतर केला.

बाक मागच्या भिंतीला लागून आहे. त्याच्या पुढच्या कडेपासून वीतभर भिंतीकडे, छताला चार फुटी दोन एलईडी बॅटन (लांब पट्टीसारखे दिवे) एका रांगेत बसवल्या. आता वाकलं तरी डोकं उजेडाच्या आड येत नाही. पट्ट्या लांब असल्यामुळे हाताची सावलीही पुसट पडते, कानशीखालची खूण स्पष्ट दिसते.

उरलेल्या जागेचा हिशोब सोपा आहे. गॅरेज 3 बाय 6 मीटर, म्हणजे 18 चौरस मीटर. ल्युमेन म्हणजे उजेड मोजायचं एकक, आणि लक्स म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन. सगळीकडे 500 लक्स हवे तर 9000 ल्युमेन थेट कामाच्या उंचीवर पोचायला हवेत. पण बराच उजेड भिंती, फळ्या आणि धूळ खातात, त्यामुळे दीडपट धरलेलं बरं. 20 वॅटची बॅटन साधारण 2000 ल्युमेन देते. बाकावरच्या दोन आणि मोकळ्या भागात चार, अशा सहा लावल्या. जिथे गाडी उभी राहते तिथे थोडं कमी चालतं. दोन्हींचे स्विच वेगळे ठेवलेत. छताला पांढरा मॅट रंग दिला, त्याचा फायदा अपेक्षेपेक्षा जास्त जाणवला.

विकत घेताना दोन गोष्टींवर अडून राहिलो. एक म्हणजे सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात याचा 100 पैकी आकडा) 90 च्या वर. रेझिस्टरवरचा (इलेक्ट्रॉनिक्सचा छोटा भाग, त्याचं मूल्य रंगीत पट्ट्यांवरून कळतं) तपकिरी, लाल आणि नारिंगी पट्टा चटकन वेगळा ओळखता येणं मला फार महत्त्वाचं वाटतं. दुसरी गोष्ट लुकलुक. 50 हर्ट्झच्या विजेवर हलक्या ड्रायव्हरचा (एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटचा) दिवा सेकंदाला 100 वेळा मंद-प्रखर होतो, आणि त्या उजेडात फिरणारा ड्रिलचा चक (बिट पकडणारा भाग) संथ किंवा चक्क थांबलेला भासू शकतो. हा धोका खरा आहे. दिव्याखाली पेन्सिल झपाझप हलवून पाहा: सलग पट्टा दिसला तर ठीक, सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर तो दिवा यंत्राजवळ नको.

पॉलिश पेपर मारताना मात्र वरचे दिवे बंद करतो आणि छोटा दिवा फळीच्या पातळीला, आडवा ठेवतो. वरच्या उजेडात गुळगुळीत वाटणाऱ्या लाकडावर रेषांच्या आडवे गेलेले ओरखडे लगेच उठून दिसतात.

व्हाइस (वस्तू घट्ट पकडून ठेवणारा शिकंजा) डाव्या कोपऱ्यात आहे, तिथे अजून उजेड कमी पडतो. दोन फुटी एक बॅटन बाजूच्या भिंतीवर उभी लावून बघणार आहे; डोळ्यांवर चकाकी येऊ नये म्हणून दुधी कव्हरचीच घेईन.