ओव्याची पुरचुंडी

मी मिरजेत एका हॉस्पिटलच्या न्यूरोसर्जरी ओपीडीत ड्रेसिंग रूमला सिस्टर आहे, ११ वर्षं झाली. टाके, स्टेपल (जखम जोडून ठेवणाऱ्या धातूच्या पिना) काढणं, जखम धुणं, ड्रेसिंग बदलणं हे रोजचं काम. पेशंट जतहून येतात, कवठेमहांकाळहून येतात, पलीकडून अथणी, विजापूरहूनपण येतात. इतक्या वर्षांत डोक्याची किती ऑपरेशनं या हातांखालून गेली त्याचा हिशोब नाही, पण त्या ऑक्टोबरमधल्या सोमवारी जे बघितलं त्यानंतर माझी पेशंटशी बोलायची पद्धतच बदलली, म्हणून सगळं नीट लिहून ठेवतेय.

जत तालुक्यातल्या एक बाई, वय ४५ च्या आसपास, द्राक्षबागेत आणि सीझनला बेदाण्याच्या शेडवर निवडणीला जाणाऱ्या. आमच्याकडं सगळे त्यांना अक्काच म्हणायचे. ऑगस्टमध्ये त्यांचं मेनिंजिओमाचं ऑपरेशन झालेलं, म्हणजे मेंदूवरच्या आवरणाची गाठ, उजव्या बाजूला पुढं. गाठ साधी निघाली, पूर्ण निघाली, आठव्या दिवशी चालत घरी गेल्या. अकराव्या दिवशी स्टेपल मीच काढलेले, उजव्या कानाच्या पुढून सुरू होऊन केसांच्या आतून वर भांगापर्यंत गेलेली ती वळणदार रेघ, एकदम स्वच्छ, कोरडी. मी तेव्हा म्हटलं होतं, अक्का, जखम झकास भरलीय. आणि खरंच भरली होती.

सहा आठवड्यांनी त्या परत आल्या ते सासूबाई आणि नवऱ्याला घेऊन. डोक्यावर पदर, आणि पदराला दोन्ही बाजूंनी टाचण्या. माझ्या स्टुलावर बसल्या, मी म्हटलं पदर काढा बघू, तर टाचण्या काढता काढता सासूबाईच बोलल्या, "टाचण्या लावाव्या लागत्यात ओ, तिला पदर पडल्याला कळत न्हाई."

पदर बाजूला केला आणि आधी वास आला ओव्याचा. मग दिसलं. रेघेच्या मागं तीन बोटं सोडून, केस दीडेक सेंटिमीटर वाढलेले, त्यात दोन फोड. एक रुपयाच्या नाण्याएवढा, पाण्यानं भरलेला, दुसरा फुटून खालची लाल कातडी उघडी पडलेली, आणि भोवतीनं गोल लालसर डाग, अगदी पुरचुंडीच्या बुडाएवढा. मी ग्लोव्हज घातले, फुटलेल्या फोडाच्या कडेला गॉज लावला, अशा जागी पेशंट किंचाळतो, पण अक्का समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत शांत बसून होत्या.

"दुखत नाही?"

"न्हाई की. लाकडागत झालंय, कायच कळंना. म्हणून तर शेकतोय."

झालं असं होतं की ऑपरेशन झाल्यापासून रेघेच्या मागचा तळहाताएवढा भाग बधिर होता. घरी कुणीतरी सांगितलं तिथं रक्त चढत नाही, शेक दिला की रक्त चढेल. मग सासूबाई रोज संध्याकाळी तव्यावर ओवा भाजून फडक्यात पुरचुंडी बांधून शेकायच्या. बाळंतिणीला शेकतात, लहान लेकराचं पोट शेकतात, तीच माया, तेच हात. फरक एवढाच की बाळंतीण जास्त गरम लागलं तर "आई गं" म्हणते, आणि इथं सून "अजून गरम चालंल" म्हणत होती. शेजारची एक बाई तर त्यांना सांगून गेलेली की तुझं हाड परत बसवलंच नाही, आत फळी बसवलीय, आणि अक्कांना ते मनातून पटत चाललेलं, रात्री झोप नाही, नवऱ्याला म्हणायच्या डोकं माझं राहिलं नाही.

मी डिस्चार्ज कार्ड मागून घेतलं. फिट येऊ नये म्हणूनची गोळी, वेळा, स्टेपलची तारीख, ताप आला, पू आला, जखमेतून पाण्यासारखं काही गळायला लागलं, डोकं फार दुखून उलट्या झाल्या तर लगेच या, सगळं व्यवस्थित लिहिलेलं. बधिरपणाबद्दल एक ओळ नव्हती. आणि मी स्वतः स्टेपल काढताना काय बोलले होते? झकास भरलीय. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आम्हाला हे इतकं रोजचं असतं की पेशंटला ते आयुष्यात पहिल्यांदाच होतंय हे सुटून जातं. ही चूक माझी आहे असं मला त्या क्षणी वाटलं आणि आजही वाटतं.

सर येऊन बघून गेले. भाजणं वरवरचं होतं, रेघेपासून लांब होतं, खालच्या हाडाला काही धोका नव्हता. सलाईननं धुतलं, पॅराफिनची जाळी, वर पॅड, धनुर्वाताचं इंजेक्शन, एक दिवसाआड ड्रेसिंग गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आठवड्याला माझ्याकडं. सासूबाई कोपऱ्यात उभ्या राहून रडत होत्या, "मीच भाजलं लेकीला," सूनसुद्धा नाही म्हणाल्या, लेक म्हणाल्या. मी त्यांना स्टुल दिलं, पाणी दिलं, म्हटलं आजी बसा, आज तुम्हाला पण सगळं सांगते. बाहेर लाईन लागलेली, वॉर्डबॉय दोनदा डोकावून गेला, मी म्हटलं थांबू दे.

आधी सीटीची फिल्म लाईटवर लावून दाखवली. हे तुमचंच हाड, जिथलं तिथं, आणि या तीन चकाकणाऱ्या ठिपक्यांसारख्या दिसतायत ना त्या टायटॅनियमच्या बारक्या पट्ट्या, हाड धरून ठेवायला. बोटाला कुठं खळगा लागला तर ती हाड उघडायला भोक पाडलेली जागा. कधी आतून टक टक आवाज आल्यासारखा वाटेल, हाड सांधत असताना होतं तसं, घाबरायचं नाही. जांभई देताना, भाकरी चावताना कानापुढं ओढ बसते ती तिथला चावायचा स्नायू कापून परत शिवलाय म्हणून.

मग बधिरपणा. कपाळाला आणि डोक्याच्या पुढच्या भागाला जाण देणाऱ्या नसा भुवईपाशी हाडातून बाहेर येतात आणि कपाळावरून वर टाळूकडं जातात, कानापुढून एक वर चढते, मागच्या बाजूला मानेकडून येतात. केसांत लपावी म्हणून रेघ केसांच्या आतून घेतली की वर जाणाऱ्या या नसांचे फाटे तिथं कापले जातात. म्हणून कपाळ चांगलं, आणि रेघेच्या मागं बधिर. आता हे असं सांगून कुणाला कळणार, म्हणून म्हटलं, अक्का, बागेत ठिबकची नळी मधे कापली तर काय होतं? त्या लगेच म्हणाल्या, "म्होरच्या झाडास्नी पाणी न्हाई." हां, तेच झालंय, फक्त पाण्याच्या जागी जाण समजा. रक्त भरपूर आहे, डोक्याच्या कातडीला रक्ताची कमी कधीच नसते, म्हणून तर डोकं फुटलं की एवढं वाहतं आणि भरतंही लवकर. शेकून उपयोग नाही, कारण कमी पडलंय ते रक्त नाहीच.

त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "नळी काय वाढत न्हाई सिस्टर. ही वाढंल?"

म्हटलं वाढते, हळू वाढते, चांगली वाढली तर दिवसाला साधारण १ मिलिमीटर.

"म्हंजी छाटणीच झालीया म्हणा की. छाटल्यालं फुटतंच."

माझ्या ठिबकपेक्षा त्यांची छाटणी कितीतरी बरोबर होती. ऑक्टोबर म्हणजे फळछाटणीचे दिवस, छाटल्यावर काडीच्या डोळ्यांना, म्हणजे जिथून नवी फूट निघते त्या जागांना, पेस्ट लावायचं काम बायकांकडं असतं, त्या वर्षी त्यांचं ते बुडालेलं आणि जीव तिकडंच होता. तेव्हापासून मी या भागातल्या पेशंटना छाटणीच सांगते. एक मात्र तेव्हाच स्पष्ट सांगून टाकलं की प्रत्येक डोळा फुटतोच असं नाही, वर्षभर, कधी त्याहून जास्त लागतं, आणि थोडी जागा कायमची सुन्न राहू शकते. खोटी आशा दिली की पेशंट सहाव्या महिन्यात पुन्हा पुरचुंडी बांधतो.

त्यानंतर मी एक गोष्ट केली जी आधी कधी केली नव्हती. अक्कांना डोळे मिटायला सांगितले, कापसाची वात करून हळूहळू चांगल्या भागाकडून बधिर भागाकडं टेकवत गेले, कळलं की व्हय म्हणा. व्हय, व्हय, व्हय, गप्प. जिथं गप्प झाल्या तिथं स्किन मार्करनं ठिपका. असं चारी बाजूंनी. ठिपके जोडले तर रेघेला चिकटून मागं पसरलेला आकार तयार झाला, काहीसा पिंपळपानासारखा. सलाईन सेटच्या पारदर्शक पाकिटाचा तुकडा कापून स्वच्छ पुसून वर ठेवला आणि आकार त्यावर उतरवून घेतला, कोपऱ्यात तारीख. सासूबाई वाकून बघत होत्या, त्यांनी विचारलं, "एवढंच हाय व्हय?" एवढंच आहे आजी. घरी त्यांना अख्खं डोकं मेल्यासारखं वाटत होतं, आणि ते तळहाताएवढं निघालं, हे बघून त्या दोघींचे खांदे खाली आलेले मी पाहिले.

मग काय करायचं आणि काय नाही ते. अंघोळीचं पाणी सासूबाईंनी कोपर बुडवून बघायचं, अक्कांच्या डोक्याला विचारायचं नाही. कढत तेल नाही, बिब्बा नाही (बिब्बा घालून फोड आणलेलेपण मी बघितलेत), बर्फसुद्धा नाही, थंडीनंही कातडी जळते आणि कळत नाही. शेतात जाताना सुती रुमाल, ऊन लागलं तर रेघ काळी पडते. रोज एकदा आजींनी उजेडात केस बाजूला करून बघायचं. भाजलेलं भरलं की दिवसातून दोनदा पाच मिनिटं आधी बोटाच्या पेरानं, मग मऊ फडक्यानं, चांगल्या भागाकडून सुन्न भागाकडं हलकं फिरवायचं, दाबायचं घासायचं नाही. अक्कांनी विचारलं चुंबळ कधी ठेवू, घागर, पाटी सगळं डोक्यावरच असतं. सरांनी आधीच सांगितलं होतं सहा महिने नाव काढायचं नाही. बाहेरून भरलेली दिसली तरी ३ आठवड्यांच्या जखमेत मूळ कातडीच्या जेमतेम पाचव्या हिश्शाची ताकद असते आणि पुढं कितीही दिवस गेले तरी ८० टक्क्यांच्या वर जात नाही, आणि हाड सांधायला तर त्याहून वेळ.

भाजलेलं अडीच आठवड्यांत भरलं, तिथले केसपण परत आले.

डिसेंबरमध्ये आल्या त्या तक्रार घेऊनच. डोक्यात मुंग्या चावतायत, मधेच करंट बसल्यासारखं होतंय, उवा झाल्यात वाटतं, आणि आजींनी बारीक फणी काढलेली! बघितलं तर उवा नाहीत, पण फणीच्या दातांचे बारीक ओरखडे, परत तेच, कळलंच नाही. फणी बंद करायला लावली. आणि सांगितलं की हे मुंग्या, करंट, खाज म्हणजे फूट निघायला लागलीय, खाज आली तर नखं नाही, तळवा ठेवून दाबायचं किंवा साध्या पाण्याचं ओलं फडकं. पुन्हा वात, पुन्हा ठिपके, दुसरं पाकीट. पहिल्यावर दुसरं ठेवलं आणि खिडकीसमोर धरलं, कडेनं सगळीकडून बोटाच्या अर्ध्या पेराएवढं आत आलेलं. अक्का काही बोलल्या नाहीत, पाकीट हातात घेऊन बराच वेळ उजेडात बघत राहिल्या.

फेब्रुवारीला तिसरं. त्या दिवशी पदराला एकच टाचणी होती, ती पण बेदाण्याच्या शेडवर हवा असते म्हणून. वात फिरवताना पूर्वी जिथं गप्प व्हायच्या तिथं म्हणाल्या, "हितं कळतंय, पण कापडावरनं हात लावल्यागत." जाण अशीच येते, आधी जाड, मग बारीक. केस बोटभर झालेले, मधे मूठ मूठ गळलेपण होते, ऑपरेशननंतर दोन तीन महिन्यांनी गळतात आणि येतात, ते मी या वेळी आधीच सांगून ठेवलं होतं त्यामुळं त्यावरून फोन आला नाही.

एप्रिलमध्ये, द्राक्षाची उन्हाळ्यातली खरड छाटणी चालू असताना, चौथं पाकीट. रेघ पांढुरकी झालेली, केसांतून शोधावी लागत होती. मधोमध सुपारीएवढी जागा अजून सुन्न. मी म्हटलं ही कदाचित राहील अक्का. "राहू दे की, ठावं हाय आता कुठं हाय ती," म्हणाल्या.

आता आमच्या डिस्चार्ज कार्डावर बधिरपणाच्या चार ओळी आहेत, सरांनी माझ्याकडून लिहून घेतल्या, मराठीत आणि कन्नडमध्ये. स्टेपल काढताना मी प्रत्येकाला वात फिरवून हद्द दाखवते, पाच मिनिटं जातात, जाऊ देत.

एप्रिलमधल्या त्या दिवशी निघताना सासूबाई दारातून परत आल्या. त्यांच्या भावकीतल्या एका पोराचं गाडीवरून पडून डोक्याचं ऑपरेशन झालेलं, दुसरीकडं कुठंतरी, आणि त्याची आई रोज वीट तापवून शेकत होती. "त्या बाईला दावाया पाकिटं देता का सिस्टर?" म्हणाल्या. मी चारही त्यांच्या पिशवीत ठेवली, वर वातीचा कापूस पण दिला आणि वात कशी फिरवायची ते त्यांच्या हातावर एकदा करून दाखवलं.