इरीवरची भरती

पोर्ट क्लिंटनच्या धक्क्यावर पहाटे साडेपाचला उभं राहून मामाने पहिला प्रश्न विचारला तो असा: "हय भरती किती वाजता रे?"

"मामा, ह्यां तळां आसा, समुद्र न्हय. हय भरती नसता."

मामाने समोर बघितलं. लाटा फुटत होत्या, पांढरा फेस उडत होता, आणि पाणी थेट आभाळाला जाऊन भिडत होतं. "तळां? मगे दुसरो काठ खंय आसा?"

दुसरा काठ कॅनडात होता, पन्नासेक किलोमीटरवर. लेक इरीची लांबी ३८८ किलोमीटर आणि रुंदी जास्तीत जास्त ९२. मामाने वास घेतला, वाकून ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि थुंकून टाकलं. खारट नाही. तेव्हा कुठे त्याला माझं म्हणणं पटलं, तेही अर्धवटच.

मामा देवगडचा. साठ वर्षं खाडीवर गरवतोय. (गरवणं म्हणजे गरी, म्हणजे गळ टाकून मासे धरणं, घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो.) तीन महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबसला आला आणि आठवडाभरात कंटाळला. मॉल बघून झाले, देऊळ बघून झालं, गवत कापायचं यंत्रही चालवून झालं. मग मी आणि ऑफिसातला एक मित्र, आम्ही मिळून दोन दिवसांची सहल ठरवली. कोलंबसहून दोन-सव्वादोन तासांत पोर्ट क्लिंटन. हे गाव स्वतःला वॉलआय माशाची जागतिक राजधानी म्हणवतं. नवीन वर्षाच्या मध्यरात्री न्यूयॉर्कात चेंडू खाली येतो, तर इथे क्रेनने सहाशे पौंडांचा फायबरचा वॉलआय मासा खाली सोडतात. एवढं सांगितल्यावर गावाची जास्त ओळख करून द्यायची गरज नाही.

कॅप्टन साठीचा, कमी बोलणारा. त्याच्याकडे सहा प्रवासी नेण्याचा परवाना आहे. इथल्या बहुतेक भाड्याच्या मासेमारी बोटी सहाच माणसं नेतात. त्याने आमच्याकडे बघितलं, धक्क्यावरच्या झेंड्याकडे बघितलं आणि मान हलवली. आज नाही. वारा ईशान्येचा.

मला वाईट वाटलं, थोडा रागही आला. सुट्टी टाकून आलो होतो, मोटेलचे पैसे भरले होते. पण कॅप्टनने कारण सांगितलं ते मामाला मराठीत सांगताना मलाच नीट समजलं. इरी हे पाच महासरोवरांतलं सगळ्यांत उथळ, आणि त्यातही हा पश्चिमेकडचा भाग सरासरी २४ फूट. मामाच्या परसातली विहीर याहून खोल आहे. खोल पाण्यात लाट लांब-रुंद होते, बोट तिच्यावर चढते आणि उतरते. उथळ पाण्यात तीच लाट आखूड आणि उभी होते, एकीवरून उतरेपर्यंत दुसरी तोंडावर. ईशान्य वाऱ्याला तर या टोकापर्यंत येताना सगळं तळं मोकळं मिळतं.

"बाराची पुळण अशीच," मामा म्हणाला. खाडीच्या तोंडाशी वाळू साचून पाणी उथळ होतं तिथे होड्या पालथ्या होतात, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. त्याच्या मनात कॅप्टनची किंमत वाढली ती तेव्हापासून.

दिवस मार्बलहेडचा दीपस्तंभ बघण्यात गेला. १८२२ सालचा, महासरोवरांवर अखंड चालू असलेला सगळ्यांत जुना. बघून झाला, फोटो काढून झाले.

खरी गंमत संध्याकाळी. जेवायच्या आधी पाय मोकळे करायला पुन्हा धक्क्यावर गेलो तर मामा एकदम थांबला. सकाळी ज्या लाकडी पायरीवर उभं राहून त्याने पाणी चाखलं होतं ती पायरी पाण्याखाली होती.

"मगे ह्यां काय? भरती इली ना?"

हरलो मी. म्हणजे चंद्राची भरती नव्हती ती, इथे ती दोन-चार सेंटिमीटरही धड होत नाही. ती वाऱ्याची भरती होती. पसरट ताटात पाणी घेऊन एका बाजूने फुंकर घातली की पाणी पलीकडच्या काठाशी चढतं, तसं ईशान्य वारा तळ्याचं पाणी इकडे टोलेडोच्या टोकाला ढकलत आणतो. नैर्ऋत्येचा वारा सुटला की उलट. पाणी बफेलोच्या टोकाला चढतं आणि इथे चिखल उघडा पडतो, बोटी जागच्या जागी रुततात. मोठ्या वादळात दोन टोकांच्या पातळीत दहा फुटांहून जास्त फरक पडल्याच्या नोंदी आहेत. वारा पडला की चढलेलं पाणी परत जातं, पुन्हा येतं, डचमळत राहतं. मामाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे पंचांगाऐवजी वारो बघूचो?"

अगदी तेच.

दुसऱ्या दिवशी वारा पश्चिमेचा, मंद. कॅप्टनने झेंड्याकडे बघितलं आणि बर्फ भरायला घेतला. मामाचा एक दिवसाचा परवाना आदल्या रात्रीच काढला होता. आमिषही घेतलं होतं: गांडुळं, पेट्रोल पंपावरच्या फ्रिजमध्ये, दुधाच्या बाटल्यांशेजारी, डझनाच्या डब्यात. मामाने डबा उघडून एक बाहेर काढलं, वीतभर लांब, करंगळीएवढं जाड, आणि किंमत ऐकून परत आत ठेवलं.

बोट वायव्येला निघाली. या बाजूला पाण्याखाली खडकांच्या रांगा आहेत, नायगारा रीफ, टूसेंट रीफ वगैरे. वसंतात वॉलआय इथे आणि मॉमी, सँडस्की या नद्यांत अंडी घालतो. काठावर कॅम्प पेरीचा लष्करी गोळीबाराचा पट्टा आहे. सराव असेल त्या दिवशी त्या भागात बोटींना बंदी. कॅप्टन रेडिओवर ते ऐकून मगच पुढे सरकला. डावीकडे अणुवीज केंद्राचा उंच मनोरा दिसत होता. मामा म्हणाला, "जैतापूर." मी काही बोललो नाही.

आदल्या दिवशीच्या वाऱ्याने तळ ढवळून निघाला होता. पाणी पहिल्या पावसानंतरच्या खाडीसारखं, चहाच्या रंगाचं. मला वाटलं, गेला हा दिवसही. पण कॅप्टन गढूळ पाणी आणि निवळ पाणी जिथे भेटतं ती रेघ शोधत होता. ती नुसत्या डोळ्यांना दिसते, कुणी आखल्यासारखी. तिथे, तीस फूट पाण्यात, त्याने इंजिन बंद केलं.

यामागे माशाचा डोळा आहे. वॉलआयच्या डोळ्यात, मांजराच्या असतो तसा, प्रकाश परत फेकणारा थर असतो. मिणमिणत्या उजेडात, गढूळ पाण्यात त्याला दिसतं आणि त्याच्या भक्ष्याला दिसत नाही. भर उन्हात, निवळ, शांत पाण्यात त्याची ही चैन संपते. तो खोल जातो, तोंड उघडत नाही. म्हणून इथले मासेमार फूट-दीड फूट उंचीच्या बारीक लाटांना 'वॉलआय चॉप' म्हणतात. त्या लाटा उजेड मोडतात आणि मासा खातो. पहिला मासा बर्फात गेला तेव्हा कॅप्टनने पेटीत टॉर्च मारला. सोनेरी-हिरवट अंग, शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका, आणि डोळा पेटल्यासारखा चमकला.

आता गळाबद्दल. काटकोनात वाकवलेली एक तार. तिच्या लांब पायावर शिशाचा गोळा, आखूड हातापासून मागे चार-पाच फूट दोर. दोरावर रंगीत मणी, एक भिंगरीसारखं फिरणारं धातूचं पान, मागे दोन गळ आणि त्यांवर ताणून ओवलेलं ते महाग गांडूळ. बोट वाऱ्याबरोबर वाहत जाते, तार तळावर टिचक्या मारत मागून येते आणि गांडूळ चिखलाच्या वर वीतभर तरंगत राहतं. वेग ताशी एक मैलाच्या आसपास हवा. वारा जास्त झाला की कॅप्टन पाण्यात एक कापडी पिशवी सोडतो, पॅराशूटसारखी, ती बोटीला मागे ओढते. दोर पाण्यात साधारण पंचेचाळीस अंशांत शिरला पाहिजे. त्याहून उभा असेल तर शिसं जड, आडवा असेल तर हलकं.

मामाने काठी हातात घेतली, दोरावर तर्जनी ठेवली आणि डोळे मिटले. टिक. टिक. टिक. "खडक," तो म्हणाला. मग टिकटिक थांबून गुळगुळीत झालं. "चिखल." कॅप्टनने माझ्याकडे बघितलं. त्याच्या यंत्राच्या पडद्यावरही तेच दिसत होतं.

पहिला मोठा मासा मात्र लागला मला, आणि मी घालवला. वॉलआय झटका देत नाही. टिकटिक बंद होते आणि टोकाला ओल्या फडक्यासारखं वजन येतं, बस्स. मी झटका मारला. गांडूळ अर्धं परत आलं. खाडीवरची तांबोशी गळ घेऊन पळते, तिथे उशीर करून चालत नाही. इथे घाई करून चालत नाही. काठीचं टोक मागे न्यायचं, दोर सैल द्यायचा, मनात दोन आकडे मोजायचे आणि मग लांब, सावकाश ओढायचं. मामाला हे तिसऱ्या माशाला जमलं, मला सातव्याला.

मधल्या काळात लागत होता तो शीप्सहेड, म्हणजे गोड्या पाण्यातला ड्रम. रुपेरी, पाठीला कुबड, आणि पोटातून गुरगुरतो. इथे त्याला कुणी विचारत नाही. कॅप्टनने एक सोडवला आणि न बघता पाण्यात भिरकावला. मामा उठून उभाच राहिला. "अरे! ढोमी ती! घोळीच्या भावकीतलो मासो, आणि ह्यो फेकून दिता?" तो बरोबर होता. घोळ, ढोमी आणि हा ड्रम एकाच कुळातले, तिघेही आवाज करणारे. "बोत बघ रे, बोत!" असा मामाचा आग्रह. (बोत म्हणजे माशाच्या पोटातली हवेची पिशवी.) घोळीच्या बोताला आपल्याकडे काय भाव येतो ते कॅप्टनला मी सांगितलं. त्याने ऐकलं, हसला, आणि पुढचा ड्रम मामाच्या बादलीत टाकला. शिवाय ड्रमच्या डोक्यात कानाचे दोन पांढरे दगड असतात, इथली मुलं ते 'लकी स्टोन' म्हणून काठावर वेचतात, ही माहितीही दिली.

अकराच्या सुमाराला वारा पडला. पाणी तेलासारखं झालं, ऊन थेट तळाकडे. टिकटिक चालू, पण मासा नाही. त्यात जून महिना. याच दिवसांत तळाच्या चिखलात दोन वर्षं काढलेल्या मेफ्लाय माश्यांच्या अळ्या वर येऊन पंख फोडतात. इतक्या, की हवामानखात्याच्या रडारवर ढग दिसावा तसा त्यांचा थवा दिसतो. १९५३ मध्ये तळाशी प्राणवायू संपला आणि त्या इथून जवळपास नाहीशा झाल्या होत्या, नव्वदच्या दशकात परतल्या. गाववाले दिव्यांखालून फावड्याने ढीग उपसतात, कुरकुरतात आणि मनातून खूशही असतात. पण वॉलआयचं पोट त्या अळ्यांनी भरलेलं असलं की तुमच्या महागड्या गांडुळाकडे तो ढुंकूनही बघत नाही.

कॅप्टनने इंजिन सुरू केलं आणि दुसरी पद्धत काढली. बोटीच्या दोन्ही बाजूंना दोराने बांधलेले छोटे फळीसारखे तरंगते बोर्ड, ते बोटीपासून लांब बाहेर धावतात आणि प्रत्येकामागे प्लॅस्टिकचा लटपटणारा नकली मासा. ताशी दोन मैल. उथळ पाण्यात बोटीच्या आवाजाने मासे बाजूला सरतात, म्हणून जाळं असं रुंद पसरायचं. रिळावर फुटांचा आकडा दिसतो. कुठला रंग किती फुटांवर खाल्ला हे कॅप्टन पेन्सिलीने लिहून ठेवतो. गढूळ भागात जांभळा चालला, निवळीत रुपेरी. मासा लागला की बोर्ड रांगेतून मागे पडतो. मग फक्त रीळ फिरवायचं.

तासाभरात चार मासे आले. मित्र खूश. मामा खुर्चीत हाताची घडी घालून बसलेला. "हाताक कायच लागणा नाय, तर गरवण्यात काय गंमत?"

मलाही तसंच वाटलं, फक्त मी ते कॅप्टनला सांगितलं नाही. पद्धत हुशार आहे, भाड्याच्या बोटीचा धंदा तिच्यावरच चालतो. पण ती हिशेबनीसाची मासेमारी आहे.

माणशी सहाची मर्यादा, पंधरा इंचांखालचा परत. तिघांचे अठरा चालले असते. आमचे अकरा झाले. गावात मासे साफ करून देणारी दुकानं असतात, पेटी द्यायची आणि पिशव्यांत काप घेऊन जायचे. (क्लीव्हलँडच्या एका स्पर्धेत २०२२ साली विजेत्यांचे वॉलआय कापले तर पोटातून शिशाचे गोळे निघाले होते. प्रकरण तुरुंगापर्यंत गेलं. ही गोष्ट इथे कुणीही आपणहून सांगतं.) आमच्या माशांचे काप बघून मामा विचारात पडला.

"डोकी खंय गेली?"

डोकी मागच्या पिंपात गेली होती. काउंटरवरच्या मुलाला मी दोनदा सांगितलं तेव्हा त्याला कळलं की आम्हांला ती खरंच हवी आहेत. आत जाऊन त्याने चार आणून दिली, वेगळ्या पिशवीत, पैसे न घेता.

रात्री कोलंबसला पोहोचून काप रव्यात घोळवून तळले. मुडदुशीसारखे, पांढरे, वास नाही, काटा नाही. मुलांनी फस्त केले. डोक्यांचं कालवण मामाने स्वतः केलं, देवगडहून आणलेली तिरफळं आणि कोकमं घालून. ताटात डोकं घेतल्यावर त्याने आधी डोळा काढला, बोटांत धरून दिव्यासमोर फिरवला. शिजून तो खडूसारखा पांढरा झाला होता.

"झळक गेली," म्हणाला. तोंडात टाकला आणि भात मागितला.